लाखो किलोमीटर चाललेल्या ट्रकचे इंजेक्टर: बदलायचे कधी अन् थांबायचं कधी

"गाडी साडेपाच लाख चालली, आता इंजेक्टरचा सेट टाकूनच देऊ का भाऊ?" वाडी, कळमना, कामठी रोड, नागपुरात कुठल्याही गॅरेजात बसा, हा प्रश्न ऐकू येतेच. उत्तर देणारे पण तयारच राहतात, कोणी म्हणते तीन लाखाला बदलून मोकळा हो, कोणी म्हणते माझे सात लाख चालले हातच नाही लावला. दोघंही खरंच बोलून राहिले, अन् म्हणूनच मीटर पाहून इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा पार्ट) बदलू नका. मीटरवरून एवढंच ठरवा की आता टेस्ट करायची वेळ झाली. बदलायचे की नाही हे रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल), स्कॅनर अन् लॅबचा रिपोर्ट सांगते, आणि त्याच्याही आधी इंजिनची तब्येत.

मीटर फसवते कसं ते पाहा. उमरेडकडे कोळशात चालणारा टिपर घ्या. लायनीत उभा, इंजिन चालूच, मग थोडं चालला, परत उभा. सरासरी १५ चा स्पीड धरला तर १०,००० तासात मीटरवर दीड लाख. तेच इंजिन हैदराबाद रोडवर ५० च्या सरासरीने चाललं तर १०,००० तासात ५ लाख. इंजेक्टरले किलोमीटर कळत नाही, त्याले फक्त आपण किती वेळा उघडलो ते माहीत. फोर स्ट्रोक इंजिनात १५०० आरपीएमवर एक इंजेक्टर मिनिटाला ७५० वेळा डिझेल मारते, म्हणजे १०,००० तासात ४५ कोटी वेळा, अन् पायलट इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याच्या आधीचा छोटा फवारा) धरलं नाही अजून. म्हणून तासाचं मीटर असेल तर ते पाहा, नसेल तर स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत इंजिन अवर दिसतात.

आधी आपली गाडी कोणती ते क्लिअर करा. जुन्या इनलाइन पंपवाल्या गाडीत हा विषय सोपा आहे, नोझल साधारण २००-२५० बारला उघडते, मिस्त्री हॅन्ड टेस्टरवर लावून फवारा पाहते, शिम (बारीक चकती) टाकते नाही तर नोझल एलिमेंट बदलते, काम झालं. खर्च पण मोठा नाही, तिथे एवढा विचारच करायचा नाही. डोकं लावायचं ते कॉमन रेलवाल्या गाडीत, म्हणजे जिथे पंप एकाच जाड नळीत (रेल) प्रेशरचं डिझेल भरून ठेवते अन् तिथून सगळ्या इंजेक्टरले जाते. बीएस फोर (गाडीच्या धुराचे सरकारी नियम) देशभर १ एप्रिल २०१७ पासून अन् बीएस सिक्स १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, तेव्हापासूनच्या बहुतेक ट्रकांत कॉमन रेलच आहे. इथे आयडलला ३०० बारच्या आसपास अन् लोडवर १६०० च्या वर प्रेशर जाते, काही इंजिनात २००० च्या पण वर.

कॉमन रेल इंजेक्टरमध्ये झिजते काय हे माहीत असलं म्हणजे कोणी येडं बनवू शकत नाही. दोन जागा मुख्य आहेत. एक खालचं नोझल, त्याचे छिद्रं कार्बनने बुजतात किंवा मोठे होतात, नाही तर सुईची सीट खराब होऊन डिझेल टपकते. दुसरी जागा वरचा कंट्रोल व्हॉल्व्ह. तिथे बारीकशी गोळी सीटवर बसलेली राहते, करंट आला की ती उचलते, सुईच्या वरचं प्रेशर रिटर्नला निघून जाते अन् सुई वर येते. ही सीट झिजली की इंजेक्टर बंद असताना पण डिझेल रिटर्नला पळत राहते. फवारा एकदम चांगला, धूर नाही, आवाज नाही, तरी इंजेक्टर गेलेला, असं इथेच होते. अन् इथले गॅप मायक्रॉनमध्ये आहेत, त्यामुळे डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक कचरा आला की नवा सेट पण वाचत नाही.

आता लक्षणं. नागपूरवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं लक्षण म्हणजे गरम स्टार्टिंग. मे महिन्यातली दुपार, ४५ डिग्री, गाडी बुटीबोरीले माल खाली करून थोडा वेळ उभी राहिली, मग सेल्फ मारला तर इंजिन फिरते फिरते पण पकडत नाही. तीच गाडी पहाटे एका सेल्फात चालू. ड्रायव्हर म्हणते बॅटरी, वायरमन म्हणते सेन्सर. पण गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या सीटमधून जास्त पळते, सेल्फच्या स्पीडवर पंप जेवढं प्रेशर बनवते तेवढं सगळं रिटर्नला निघून जाते, अन् रेल प्रेशर कमीत कमी लेव्हलला पोहोचल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरले करंटच देत नाही. स्कॅनर लावून सेल्फ मारताना मागितलेलं प्रेशर अन् आलेलं प्रेशर शेजारी शेजारी पाहा, खरं काय ते लगेच दिसते. फक्त लक्षात ठेवा, हेच लक्षण हाय प्रेशर पंप झिजल्यावर, रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह लीक असल्यावर किंवा बॅटरी उतरून सेल्फ हळू फिरत असल्यावर पण येते. म्हणजे लक्षण दिसलं की टेस्ट करा, ऑर्डर नाही.

डिसेंबरच्या सकाळी उलटं होते. गाडी चालू झाली पण पांढरा धूर, मिसिंग, अन् पाच-दहा मिनिटांत आपोआप सुधरते. हे नोझल टपकत असल्यावर होते, पण कॉम्प्रेशन कमी असल्यावर पण अगदी असंच होते, अन् हीटर काम करत नसेल तरी. काळा धूर म्हणजे एक तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, त्यामुळे आधी एअर फिल्टर, टर्बोचा होज, इंटरकूलर पाहा. होज फाटलेला राहते अन् इंजेक्टर खोलून ठेवतात लोक. बीएस सिक्सवाल्यांनी धुराच्या भरवशावर राहूच नका, कारण काजळी डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर) पकडून ठेवते, बाहेर धूर दिसतच नाही. तिथे खूण म्हणजे रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून साफ करणं) घडीघडी मागणे. पहिले पंधरवड्यातून एकदा मागायची ती गाडी आता दोन दिवसाआड मागून राहिली, रूट तोच अन् लोड तोच, तर काजळी जास्त बनून राहिली, अन् त्याच्यात इंजेक्टरवर संशय घ्यायला जागा आहे.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की तिथे टेस्ट-बिस्ट नंतर, गाडी आधी उभी करा. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, पातळ झालं, डिझेलचा वास येऊन राहिला, तर डिझेल ऑइलमध्ये उतरून राहिलं, बेअरिंग अन् क्रँक जाईल. बीएस सिक्समध्ये अर्धवट रीजनमुळे पण ऑइल थोडं वाढू शकते, पंपाच्या सीलमधून पण डिझेल उतरू शकते, पण कारण सापडेपर्यंत लोड घेऊन निघू नका. दुसरं म्हणजे एकाच सिलिंडरमधून ठणठण नॉकिंग अन् सोबत पांढरा-राखाडी धूर. इंजेक्टर बंद होत नसेल तर डिझेल पिस्टनवर सतत पडते अन् पिस्टनला भोक पडते. एक इंजेक्टर वाचवाले गेले अन् पूर्ण इंजिन खोलायची पाळी, हे अशानेच होते. "सिवनीपर्यंत जाऊन येतो मग पाहू" असं अशा गाडीत म्हणू नका, खवासा सोडल्यावर कुरई घाटात पूर्ण लोडवर तिचं काय होईल सांगता येत नाही.

इंजेक्टर खोलायच्या आधी काय पाहायचं

डिझेल फिल्टर बदला, ओरिजिनलच टाका. वॉटर सेपरेटरमधून काचेच्या बाटलीत सॅम्पल काढा अन् अर्धा तास ठेवा, खाली पाणी बसलं तर ते दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लायनीत हवा पकडून राहिली का पाहा, पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. इंजेक्टरचे वायरिंग अन् कप्लर पाहा, हेडच्या गरमीने कव्हर कडक होऊन तुटते अन् एक सिलिंडर मिसिंग मारते. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमला असेल, चालू इंजिनात फुस-फुस आवाज येत असेल, तर खालचा कॉपर वॉशर गेला. काही रुपयांचा वॉशर आहे, पण तसंच चालवलं तर सीट जळते अन् मग हेडचं काम निघते.

आणि अॅव्हरेज पडलं म्हणून लगेच इंजेक्टरवर येऊ नका. ब्रेक लायनर चिकटते, टायरमध्ये हवा कमी राहते, नवा ड्रायव्हर आला, रिटर्न ट्रिप पहिले खाली यायची आता भरून येते. टाकी फुल टू फुल, त्याच रूटवर, तीन-चार ट्रिपा मोजा, मग बोला.

रिटर्न टेस्ट, जिच्यावर सगळं ठरते

प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून तिथे वेगळी पारदर्शक नळी लावायची, सगळ्यांच्या खाली सारख्या मापाच्या बाटल्या, इंजिन गरम करून आयडलवर ठरलेला वेळ चालवायचं अन् बाटल्या शेजारी ठेवून पाहायच्या. मूळ रिटर्न लाइन बंद करायला विसरू नका, नाही तर गॅरेजभर डिझेल. किती मिली चालते हे इंजिनप्रमाणे बदलते, कंपनीच्या मॅन्युअलचं लिमिटच धरा. पण आकडा हाताशी नसला तरी तुलना बोलते: पाच बाटल्यांत बोटभर अन् सहावीत तीन पट, तर तो सहावा पकडला. सगळ्या सारख्याच पण सगळ्या लिमिटच्या वर, तर सेट थकला. अन् सगळ्या कमी तरी प्रेशर बनत नाही, तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हकडे (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) जा, इंजेक्टरले हात लावू नका.

कमिन्सच्या आयएसबीई सारख्या इंजिनात अशा बाहेर नळ्या नाहीत, रिटर्न हेडच्या आतून एकत्र येते. तिथे एकूण रिटर्न मोजतात अन् रेलवर एकेका इंजेक्टरची लाइन कॅप लावून बंद करत जातात, ज्याची बंद केल्यावर रिटर्न एकदम उतरला तो दोषी. पण थांबा, या इंजिनात बाजूने हेडमधून जाणारा कनेक्टर पाइप इंजेक्टरच्या अंगावर दाबून बसते, तो नीट टाइट नसला किंवा त्याचं टोक घासलं असलं तरी रिटर्न तेवढाच वाढते. नवे इंजेक्टर टाकूनही प्रॉब्लेम तसाच राहिला अशा गाड्यांत आधी हाच पाइप पाहावा.

एक गोष्ट जुन्या मिस्त्रींना जोर देऊन सांगा. इनलाइन पंपवाल्या गाडीत चालू इंजिनात पाइपाचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मेला ते शोधायची सवय होती. कॉमन रेलमध्ये हे बिलकुल करायचं नाही. हजार बारच्या वरची डिझेलची धार कातडीच्या आत घुसते, वरून बारीक टोचल्यासारखं दिसते पण ते ऑपरेशनचं प्रकरण आहे, बोट किंवा हात पण जाऊ शकते. असं झालं तर मलमपट्टी नाही, सरळ हॉस्पिटल. इंजिन बंद केल्यावर पण प्रेशर उतरेपर्यंत काही मिनिटं थांबा, अन् लीक शोधायचं तर हात नाही, पुठ्ठा फिरवा.

सिलिंडर शोधायला स्कॅनर आहे ना. सिलिंडर कट-आउट टेस्टमध्ये एकेक इंजेक्टर बंद होत जाते, ज्याच्या बंद होण्याने इंजिनला काही फरकच पडला नाही तो आधीच काम करत नव्हता. करेक्शन व्हॅल्यू पण पाहा. ईसीएम एखाद्या सिलिंडरला डिझेल वाढवून देत असेल तर तो सिलिंडर कमजोर, कमी करून देत असेल तर तिथे इंजेक्टर जास्त सोडून राहिला. आता कमजोर म्हणजे इंजेक्टरच कमजोर असं नाही, व्हॉल्व्ह जळाला असेल, रिंग गेली असेल. म्हणून तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरमध्ये टाकून पाहा, कॉपर वॉशर नवे, ईसीएममध्ये टाकलेले इंजेक्टरचे कोड पण अदलाबदल करून. प्रॉब्लेम इंजेक्टरसोबत गेला तर इंजेक्टर, तिथेच राहिला तर सिलिंडर. एवढी मेहनत करायची कोणाची तयारी नसते, पण सहा इंजेक्टरच्या बिलापुढे ही मजुरी काहीच नाही.

इंजिनची तब्येत म्हणालो ती अशी. इंजिन गरम असताना ऑइल फिलर कॅप उघडून पाहा किंवा ब्रीदर पाहा, धूर दाबाने येऊन राहिला, ऑइल टॉपअप वाढलं, निळा धूर आहे, तर रिंग-लायनरचं काम जवळ आलं. अशा इंजिनात नवा सेट टाकून पिकअप परत येत नाही. दोन-चार महिन्यांत इंजिन बोरला जाणारच असेल अन् इंजेक्टर टपकत नसतील तर थांबा, दोन्ही कामं एकत्र करा, खोलणं-बसवणं एकदाच होते. गाडी सहा महिन्यांत विकायची असेल तरी तेच, फक्त जो खरंच खराब आहे तो करा.

मग एक बदलायचा की सेट

एकच गेला, कारण कचरा किंवा कॉइल, अन् बाकीचे लॅबच्या बेंचवर लिमिटच्या बऱ्यापैकी आत, तर एकच बदला. पाचही जण लिमिटच्या काठावर बसलेले असतील तर सेट, कारण आज एक, दोन महिन्यांनी दुसरा, तेव्हा गाडी रायपूर रोडवर कुठे उभी राहील माहीत नाही, अन् क्रेन, डिले अन् पार्टीची बोलणी वेगळी. मधल्या केसमध्ये सगळे खोलून लॅबला द्या, खोललेलेच आहेत तर टेस्टिंगचा खर्च जास्त नाही, मग रिपोर्ट पाहून ठरवा.

पैशाचा हिशोब असा लावा. समजा गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर चालते, अॅव्हरेज ४ चं ३.७ झालं अन् बाकी सगळी कारणं तपासून झाली. आधी २,००० लिटर लागायचं, आता २,१६२. डिझेल ९० रुपये धरा, महिन्याले साडेचौदा हजार जास्त गेले. सेटचं कोटेशन समजा १,२०,००० आलं तर आठ-साडेआठ महिन्यांत वसूल. महिन्याले ३,००० च किलोमीटर चालणारी गाडी असेल तर तोच हिशोब बावीस महिन्यांवर जाते, तिथे फक्त अॅव्हरेजसाठी सेट टाकणं मले पटत नाही. तुमचे आकडे टाकून पाहा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

नवा, एक्स्चेंज की लॅबमध्ये रिपेअर? नोझल अन् व्हॉल्व्ह दोन्ही गेले असतील, बॉडी घासली असेल, तर रिपेअरच्या मागे लागू नका, नवा नाही तर कंपनीचा रीमॅन्युफॅक्चर्ड घ्या. फक्त नोझल किंवा फक्त व्हॉल्व्ह असेल तर चांगल्या लॅबमध्ये रिपेअर चालते. चांगली लॅब म्हणजे कोणती? जी रिपेअरच्या आधीचा अन् नंतरचा दोन्ही रिपोर्ट प्रिंट काढून देते, त्याच्यात लीकेज, फुल लोड, मधला पॉइंट, आयडल अन् प्री-इंजेक्शन असे वेगवेगळे आकडे लिमिटसकट राहतात. "एकदम ओके करून देतो, टेन्शन नका घेऊ" हा रिपोर्ट नाही. पार्ट कोणत्या कंपनीचे टाकले ते बिलावर लिहून घ्या, डब्बा पाहा, ओरिजिनलच्या डब्ब्यात डुप्लिकेट नोझल भरपूर फिरतात. अन् टाकीत ओतायचं इंजेक्टर क्लीनर? थोडाफार कार्बन निघू शकते, झिजलेलं लोखंड परत येत नाही, त्यामुळे रिटर्न वाढलेल्या गाडीत ते पैसे फिल्टरवर लावा.

सेट टाकायच्या आधी हे नक्की करा: जुना फिल्टर कापून पाहा अन् सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह काढून पाहा. चमकणारा लोखंडी चुरा दिसला तर हाय प्रेशर पंप स्वतःच झिजून चुरा सोडून राहिला. मग पंप, टाकी, रेल, पाइप सगळं साफ केल्याशिवाय नवे इंजेक्टर टाकणं म्हणजे पैसे नाल्यात. तसंच साईटवर ड्रममधून डिझेल भरणारे अन् रोडवर स्वस्तात भेटणारं 'बायोडिझेल' टाकणारे, आधी ते बंद करा मग सेटचं बोला.

बसवताना धूळ हाच दुश्मन. इंजेक्टर काढायच्या आधी आजूबाजूची जागा हवा मारून, डिझेलने धुऊन साफ करा, उघड्या तोंडांना लगेच कॅप लावा, उन्हाळ्यात लू सुटली असताना रोडच्या कडेला हे काम करूच नका. नोझलच्या टोकाला वायर ब्रश मारायचा नाही. कॉपर वॉशर अन् ओ-रिंग नवे, जुना वॉशर सीटमध्ये चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून पाहा, एकावर एक दोन वॉशर बसले तर फवारा चुकीच्या जागी पडते. टाइट टॉर्क रेंचनेच करा. फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून भरू नका, हॅन्ड प्राइमरने भरा. मग प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड त्याच्याच सिलिंडरसमोर ईसीएममध्ये टाकायचा, हे राहिलं तर नव्या सेटवर पण नॉकिंग अन् धूर येते अन् लॅबवाल्याशी फुकट भांडण होते. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर एकदम मारू नका, मध्ये थांबा.

चालू झाल्यावर आयडलला रेल प्रेशर अन् करेक्शन व्हॅल्यूचा फोटो काढून ठेवा, ऑइल डिझेलमुळे पातळ झालं असेल तर तेही बदला, अन् एक लोडची ट्रिप झाली की लीकेज परत पाहा. जुने इंजेक्टर एक्स्चेंजमध्ये दिले नसतील तर लॅबमधून परत मागा. त्याच्यातला सगळ्यात कमी रिटर्नवाला एक निवडा, कॅप लावून, कोड अन् तारीख लिहून, दोन नव्या वॉशरसोबत केबिनमध्ये ठेवून द्या, चंद्रपूरकडे कुठे एखादा मेला तर गाडी गॅरेजपर्यंत आणता येते.